फाइल बदलली आहे म्हणतो, पण बदलली कोणी? (सांबा, व्हिम आणि जामसंड्यातला डबा)

खाडीपलीकडे

मंडळी, डोकं पिकलंय. जरा बघा.

मी देवगडात घरून काम करतो. ओळखीतल्या एकांचं जामसंड्यात छोटं युनिट आहे: आंब्याचा पल्प, कोकम आगळ, फणसपोळी. त्यांच्या ऑर्डरींच्या साइटचं मी बघतो. साइट एका जुन्या डेस्कटॉपवर आहे, डेबियन १२ लिनक्स घातलेला. आमच्यात त्याला 'डबा' म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो. घरून वायरगार्डने (व्हीपीएन) डब्याला जोडतो, साइटचं फोल्डर सांबाने (नेटवर्कवरून फोल्डर वाटणारं सॉफ्टवेअर) लॅपटॉपवर माउंट करतो, म्हणजे ते लॅपटॉपवरचंच असल्यासारखं दिसतं, आणि व्हिम एडिटरमध्ये फाइली उघडतो. चार वर्षं हेच चाललंय.

जूनपासून काय झालंय, फाइल उघडली, दोन ओळी टाकल्या, सेव्ह केली, ठीक. परत दोन ओळी टाकून सेव्ह करायला गेलो की लाल अक्षरांत: तुम्ही वाचल्यानंतर ही फाइल बदलली आहे, खरंच लिहायची का? मी 'वाय' दाबतो. पुढच्या सेव्हला परत तेच. डब्यावर मी सोडून कोणी लॉगिन करत नाही. लास्ट कमांड लावून बघितलं, फक्त मीच.

गणपती तोंडावर आहेत, चाकरमान्यांच्या ऑर्डरी सुरू झाल्यात, दिवसातून पन्नास वेळा त्या पानाला हात लावावा लागतो. हा इशारा बंद कसा करायचा तेवढं सांगा.

---

रत्नांग्रीकर

सोपं आहे. व्हिममध्ये ऑटोरीड चालू करा आणि सेव्ह करताना उद्गारचिन्ह लावून सेव्ह करा, म्हणजे न विचारता लिहितो. विषय संपला.

---

तारकर्ली_टर्मिनल

रत्नांग्रीकर, विषय संपत नाही, फाइल संपते. उद्गारचिन्हाची सवय लागली की ज्या दिवशी खरंच दुसऱ्या कोणी लिहिलेलं असेल त्या दिवशीही बोट तिथेच जाईल.

खाडीपलीकडे, आधी एवढं सांग:
जूनमध्ये काय बदललं? लॅपटॉप, डबा, राउटर, काहीही.
इशारा उघडल्या उघडल्या येतो की काहीतरी टाइप केल्यावर?
आणि फाइलचा मजकूर खरंच बदललाय का, हे तू बघितलंयस की नुसतं गृहीत धरलंयस?

---

खाडीपलीकडे

दादा, १) लॅपटॉपवर उबुंटू २०.०४ होतं. त्याचा नेहमीचा आधार मे २०२५ मध्ये संपला, म्हणून २२.०४ आणि तिथून २४.०४ अशा दोन उड्या मारल्या. डब्याला हात लावलेला नाही. हां, युनिटमध्ये इंटरनेटवाल्याने राउटर बदलला, पण नेट व्यवस्थित चालतंय.

२) हे मजेशीर आहे. फाइल नुसती उघडून ठेवली, ब्राउझरमध्ये जाऊन परत आलो, तर काही बोलत नाही. एक अक्षर टाकलं की मग ओरडतो.

३) आत्ता बघितलं. सेव्ह केल्यावर डब्यावर शा२५६सम (मजकुरावरून काढलेला ठसा) घेतला, पाच मिनिटांनी इशारा आल्यावर परत घेतला. अक्षर न् अक्षर तोच. म्हणजे इशारा खोटाच ना?

---

निवृत्त_दर्यावर्दी

मी नॅनो वापरतो. सुखी आहे.

---

तारकर्ली_टर्मिनल

काका, नॅनोसुद्धा विचारतो, डिस्कवरची फाइल बदलली आहे म्हणून. तुमच्या फाइलींना कोणी हात लावत नाही एवढंच.

खाडीपलीकडे, तुझा २) नंबरचा मुद्दा सगळ्यात कामाचा आहे. व्हिम काय करतो ते सांगतो. फाइल वाचताना तो तिची शेवटच्या बदलाची वेळ, म्हणजे एमटाइम, लिहून ठेवतो. नंतर टर्मिनलवर परत आलास, किंवा त्यातूनच शेल कमांड चालवलीस, की पुन्हा वेळ बघतो. वेळ वेगळी दिसली आणि तू बफरमध्ये (एडिटरमध्ये उघडलेल्या प्रतीत) काहीच बदललेलं नसेल, तर डिस्कवरचा मजकूर वाचून ताडून बघतो. तोच असेल तर गप्प बसतो. पण तुझे स्वतःचे बदल बफरमध्ये असतील तर ताडणार कशाशी? मग नुसती वेळ वेगळी असली तरी सांगतो. सेव्ह करतानाही तो फक्त वेळच बघतो, मजकूर नाही. म्हणून न टाइपता गप्प आणि एक अक्षर टाकलं की बोंब.

तेव्हा 'इशारा खोटा' म्हणू नको. त्याने मजकूर बदलला असं म्हटलेलंच नाही. वेळ बदलली हे तो बघतो, आणि तुझ्या फाइलची वेळ बदलतेय, हे नक्की. ती का बदलतेय ते शोधायचं.

आता फाइलच्या वेळा दाखवणारी स्टॅट कमांड लाव. लॅपटॉपवर, सेव्ह केल्या केल्या एकदा आणि पाच सेकंदांनी एकदा. मॉडिफायची ओळ पूर्ण टाक, पॉइंटनंतरचे आकडेसुद्धा.

---

लाकडी_खेळणी

थोडं अवांतर, पण उपयोगी पडेल. व्हीएस कोड या एडिटरमध्येही हाच प्रकार आहे, 'डिस्कवरची फाइल नवीन आहे, तुलना करा किंवा वरून लिहा' असं येतं. तिथे मात्र नुसती वेळ पुढे गेली म्हणून लगेच अडवत नाहीत, फाइलचा आकारही बघतात. कोडमध्ये त्यावर टीपच लिहिलेली आहे, की नुसत्या वेळेवर विसंबलं तर दूरच्या फाइल सिस्टमवर फुकटचे इशारे येतात. संपूर्ण मजकुराचा चेकसम काढणं हळू पडेल म्हणून आकारावर भागवलंय. यात एक भोक राहतं: फाइल बदलली पण लांबी तेवढीच राहिली, तर कळणार नाही. ४५० चा दर ४८० केला तर लांबी तीच ना!

दुसरं, सेव्हच्या वेळी भांडण झालं तर डिस्कवरची फाइल बिनबोभाट दाबून टाक, अशी सेटिंग त्यात आहे. ती मी एकदा वैतागून लावली होती. आमच्या आधीच्या ठिकाणी त्याच दिवशी सहकाऱ्याने एनजिनएक्स वेब सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये नवीन सर्टिफिकेटचा रस्ता टाकला होता. माझ्या सेव्हने तो पुसला गेला. रात्री साइट बंद, आणि दोघंही 'मी काही केलं नाही' म्हणत बसलेलो. तेव्हापासून ती सेटिंग परत 'मला विचार' वर.

---

खाडीपलीकडे

ताई, हे वाचून उद्गारचिन्हाचा मोह गेला.

तारकर्ली दादा, हे घ्या. लॅपटॉपवर, फाइल तीच.

सेव्ह केल्या केल्या: २२:१०:४७.३१८२०९५५४
पाच सेकंदांनी: १२:५८:४८.०२७१६३३००

मी मध्ये काहीही केलेलं नाही. चहाचा कप उचलला तेवढाच. वेळ मागे गेली?? सव्वानऊ तासांनी?

---

रत्नांग्रीकर

टाइमझोन! डबा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) असेल, लॅपटॉप भारतीय वेळेवर.

---

तारकर्ली_टर्मिनल

साडेपाच तासांचा फरक असता तर एक वेळ बोललो असतो. तसंही नाही. फाइलची वेळ लिनक्समध्ये १९७० पासूनचे सेकंद म्हणून ठेवतात, यूटीसीमध्ये. टाइमझोन फक्त दाखवताना लागतो. फॅट फॉरमॅटचा पेन ड्राइव्ह असेल तरच गोंधळ, कारण फॅट स्थानिक वेळ लिहितो, आणि तीही दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यात. इथे फॅटचा संबंध नाही.

माका वाटता, डब्याचं घड्याळच बिघडलंय. खाडीपलीकडे, डब्यावर डेट कमांड दे आणि आपल्या मोबाइलशी मिळव. टाइमडेटसीटीएलचं आउटपुटही बघ.

---

खाडीपलीकडे

अरे देवा. डबा ९ तास १२ मिनिटं मागे आहे.

टाइमडेटसीटीएल म्हणतो: घड्याळ सिंक झालेलं आहे का? नाही. एनटीपी (नेटवरून वेळ जुळवणारी) सेवा चालू आहे का? हो.

आता आठवलं. सकाळी अकराच्या सुमारास साइट जड चालते अशी युनिटमधून दोनदा तक्रार आली होती. मी नेटवर ढकललं. बॅकअपचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप सुटणारं काम) रात्री दोनचा आहे. डब्याच्या रात्रीचे दोन म्हणजे आपले सकाळचे सव्वाअकरा!

पण ९ तास १२ मिनिटं हा आकडा आला कुठून?

---

वाशिष्ठी

या आकड्याचं कोडं मी सोडवतो, कारण आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. युनिटमध्ये लाइट किती वेळा जाते? आणि डब्याला यूपीएस आहे का?

---

खाडीपलीकडे

पावसात लाइट जाते हे काय विचारणं झालं. जुलैत एकदा माड तारेवर पडला तेव्हा पाच तास नव्हती. इन्व्हर्टर आहे, पण तो मार्चमध्येच मेलाय. सध्या फ्रीझरला प्राधान्य.

---

वाशिष्ठी

मग झालं. तुमच्या डब्याच्या मदरबोर्डवरची बटण बॅटरी मेलेली आहे, सीआर२०३२ असते ती. मशीन बंद असताना घड्याळ तिच्यावर चालतं. ती नसेल तर लाइट गेल्यावर घड्याळ थांबतं.

मग डबा २००० सालात का उठत नाही? डेबियनमधली टाइमसिंक सेवा शेवटची वेळ दर मिनिटाला डिस्कवर लिहून ठेवते आणि बूट होताना निदान तिथून पुढे सुरुवात करते. म्हणजे डबा जिथे झोपला तिथेच जागा होतो. जेवढा वेळ लाइट नव्हती, बरोबर तेवढा मागे पडतो. पुढे नेट आलं की एनटीपीवरून खरी वेळ घेऊन स्वतःला सुधारतो, म्हणून एरवी कोणाला कळतही नाही. तुमच्याकडे ते सुधारणं बंद पडलंय. तेव्हा ९ तास १२ मिनिटं म्हणजे सिंक बंद पडल्यापासूनच्या सगळ्या लोडशेडिंगची बेरीज. वीज कंपनीलासुद्धा इतका चोख हिशोब जमणार नाही.

सिंक का बंद पडलं ते टाइमसिंकच्या कॉन्फिगमध्ये बघा. माझा अंदाज राउटरवर आहे.

(अवांतर: जुलै २०२१ च्या पुरानंतर आम्ही चिपळुणात सगळी मशीनं वरच्या मजल्यावर नेली. तळमजल्यावरच्या मशीनच्या बॅटऱ्या बदलायचा प्रश्नच उरला नव्हता.)

---

खाडीपलीकडे

वाशिष्ठी साहेब, पायांचा फोटो पाठवा.

टाइमसिंकच्या कॉन्फिगमध्ये मीच कधीकाळी वेळेचा सर्व्हर म्हणून जुन्या राउटरचा पत्ता घालून ठेवला होता. नव्या राउटरचा पत्ता वेगळा. जूनपासून डबा रिकाम्या घराची बेल वाजवतोय.

तो पत्ता काढला. आता काय घालू?

---

वाशिष्ठी

काही नाही घातलं तरी डेबियनचे स्वतःचे पूल सर्व्हर चालतात. मी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचा टाइम सर्व्हर घालतो, भारतीय प्रमाणवेळ तेच राखतात. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचा एप्रिल २०२२ चा आदेशही हेच सांगतो, की एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (हीच प्रयोगशाळा) वेळेशी, नाहीतर त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी घड्याळं मिळवा. कोकम आगळ विकणाऱ्याकडे कोणी तपासायला येणार नाही, पण लॉगमधली वेळ खरी असलेली बरी.

एक काळजी: नऊ तासांची उडी मारण्याआधी क्रॉन थांबवा. नाहीतर मधल्या वेळेतली कामं काही वगळली जातील, काही भलत्या वेळी सुटतील.

---

खाडीपलीकडे

केलं. घड्याळ जुळलं. आता शंभर टक्के सुटणार. धागा बंद करायला हरकत नाही.

---

खाडीपलीकडे

धागा बंद करू नका. इशारा अजून येतोय.

आता हे आकडे बघा.

सेव्ह केल्या केल्या: २१:०४:१२.११८४०२७७१
पाच सेकंदांनी: २१:०४:१२.९४६०६४५००

सेकंद तोच आहे हो! पॉइंटनंतरचे आकडे फक्त वेगळे. एवढ्यावरून ओरडायचं?

---

तारकर्ली_टर्मिनल

हो, एवढ्यावरूनच. आणि तुझ्या २०.०४ वर हे का होत नव्हतं तेही यातच आहे.

जुना व्हिम लिनक्सवर एका सेकंदापर्यंतचा फरक सोडून द्यायचा. हीसुद्धा फॅटचीच देणगी: तिथे सेकंद ठेवायला पाचच बिट, त्यामुळे वेळ डिस्कवर उतरताना आपोआप सेकंदाने सरकायची. म्हणून व्हिममध्ये मुद्दाम सवलत ठेवलेली होती. पण मग एका सेकंदाच्या आत कोणी खरंच लिहिलं तर तेही निसटायचं. म्हणून २०२१ मध्ये व्हिम ८.२ मालिकेत नॅनोसेकंदही ताडायला लागला. २०.०४ वर तुझ्याकडे ८.१ होता, २४.०४ वर ९.१ आहे. म्हणजे तू अपग्रेड केलंस आणि सवलत गेली.

आता नॅनोसेकंद का हलतात? सांबाच्या माउंटवर तू फाइल लिहून बंद करतोस तेव्हा लॅपटॉपचं कर्नल (लिनक्सचा गाभा) सर्व्हरवरची फाइल लगेच बंद करत नाही. परत उघडली जाईल अशा आशेने थोडा वेळ धरून ठेवतं, साधारण एक सेकंद. तोवर फाइलची वेळ म्हणून स्वतःच्या घड्याळातली वेळ लावून देतं. व्हिम तीच बघतो आणि वहीत लिहून घेतो. मग सेकंदाने खरी बंद होते, सर्व्हर आपली वेळ लावतो, लॅपटॉप ती आणतो. दोन घड्याळं कितीही जुळलेली असोत, नॅनोसेकंदापर्यंत कशी जुळणार? त्यात जुने सांबा पहिल्या लिखाणानंतर वेळेची नोंद करायलाच दोन सेकंद घेतात, विंडोजच्या चालीशी मिळतंजुळतं राहावं म्हणून.

नऊ तासांचा फरक दिसला तेव्हा आपण घड्याळावर उडी मारली. घड्याळ चुकलेलं होतंच, ते सुधारणं गरजेचंही होतं. पण हा इशारा घड्याळ बरोबर असतं तरी आला असता. माझंही लक्ष तिकडेच गेलं, कबूल.

उपाय: एफएसटॅबमध्ये (माउंटच्या सेटिंगची फाइल) त्या माउंटच्या ओळीत क्लोजटाइमओ शून्य कर, म्हणजे फाइल लगेच बंद होईल. आणि अ‍ॅक्टाइमओ शून्य, म्हणजे लॅपटॉप वेळ, आकार वगैरे स्वतःच्या साठ्यातून न सांगता दर वेळी सर्व्हरला विचारेल. पहिला पर्याय जुन्या कर्नलवर नाही, तुझ्या २४.०४ वर आहे. किंमत एवढीच की फोल्डर उघडणं थोडं जड जाईल. देवगडच्या नेटवर किती जड ते तूच सांग.

---

लाकडी_खेळणी

मूळ प्रश्नाला बगल देऊन एक विचारते. फाइल लॅपटॉपवर ओढायचीच कशाला? एसएसएचने (दूरच्या मशीनवर टर्मिनल उघडतं ते) डब्यावर जा, तिथेच टीमक्समध्ये (नेट तुटलं तरी काम चालू ठेवतं) व्हिम उघडा. फाइल त्याच मशीनवर, घड्याळ एकच, नॅनोसेकंदही त्याचेच. मी व्हीएस कोडची रिमोट-एसएसएच वापरते, त्यातही कोडचा अर्धा भाग सर्व्हरवर जाऊन बसतो आणि फाइल तिथूनच वाचतो. त्यामुळे हा त्रास नाही.

---

खाडीपलीकडे

ताई, तुमचं बरोबर आहे. पण पावसात इथे नेट मिनिटाला दोनदा जातं-येतं. एसएसएचमध्ये एक अक्षर दाबलं की ते दिसेपर्यंत खिडकीतून खाडी बघून होते. माउंटमध्ये निदान टायपिंग तरी लॅपटॉपवर होतं. टीमक्समुळे काम बुडत नाही हे खरं, पण टाइप करायला जीव जातो.

---

रत्नांग्रीकर

मग एसएसएचएफएस? म्हणजे सांबाऐवजी एसएसएचवरूनच फोल्डर माउंट.

---

तारकर्ली_टर्मिनल

चालेल, पण त्याच्या तऱ्हा वेगळ्या. ओपनएसएसएच फाइली पाठवायला एसएफटीपीची तिसरी आवृत्ती बोलतो, त्यात वेळ फक्त पूर्ण सेकंदांत जाते, पॉइंटनंतर काहीच नाही. म्हणजे नॅनोसेकंदांची भानगड तिथे येत नाही. उलट तो फोल्डरमधली माहिती वीस सेकंद साठवून ठेवतो, त्यामुळे दुसऱ्या कोणी खरंच फाइल बदलली तर तुला उशिरा कळेल. एकाची जीभ लांब, दुसऱ्याचे कान जड. एनएफएस या फोल्डर वाटायच्या आणखी एका पद्धतीलाही स्वतःचा साठा असतो, फाइलींसाठी तीन सेकंदांपासून साठ सेकंदांपर्यंत. मी असतो तर आधी सांबाचेच दोन पर्याय लावून बघितले असते.

---

खाडीपलीकडे

लावले. माउंट काढून परत घातला. सेव्ह केल्यावर आणि पाच सेकंदांनी, दोन्ही वेळा अगदी तेच आकडे, शेवटच्या शून्यापर्यंत. संध्याकाळभर काम केलं. फोल्डर उघडायला अर्धा सेकंद जास्त लागतो, चालेल.

पण. (हो, पण.) इशारा पन्नास वेळांवरून पाच-सहा वेळांवर आलाय. पूर्ण गेलेला नाही. शा२५६सम तोच. आता मात्र माझा व्हिमवरचा विश्वास उडत चाललाय.

---

वाशिष्ठी

किती वाजता आले ते पाच-सहा? मिनिटांसकट.

---

खाडीपलीकडे

मी लिहून ठेवलेत, कारण आता मलाही वेड लागलंय. सेव्ह करताना इशारा आला त्या वेळा: ७:२१, ७:४०, ८:०२, ८:३१, ९:१०.

---

वाशिष्ठी

प्रत्येक वेळ दहाच्या पाढ्याच्या किंचित पुढे आहे. दहा मिनिटांनी काहीतरी डब्यावर त्या फाइलला हात लावतंय आणि त्यानंतरच्या पहिल्या सेव्हला तुम्हाला इशारा मिळतोय. घड्याळ ९ तास १२ मिनिटं मागे होतं तेव्हा हेच २, १२, २२ या मिनिटांना होत असणार. त्यात पन्नास खोटे इशारे, म्हणून नजरेला पडलं नाही.

---

खाडीपलीकडे

अंगावर काटा आला. पण मजकूर तोच कसा?

---

तारकर्ली_टर्मिनल

तोच मजकूर परत लिहिला तरी वेळ बदलतेच. डब्यावर जाऊन स्टॅटमध्ये इनोडचा आकडा (डिस्कवर फाइलचा ओळख क्रमांक) बघ, दहाच्या आधी आणि नंतर. आणि इनोटिफायवेट (फाइलींच्या हालचाली टिपणारी कमांड) लाव, पण दोन गोष्टी सांभाळ. एक, डब्यावरच लाव. लॅपटॉपवरच्या माउंटवर लावलास तर डब्यावर झालेल्या हालचाली तुझ्यापर्यंत भरवशाने पोचणार नाहीत. दोन, फाइलवर नाही, ती ज्या फोल्डरात आहे त्यावर लाव. फाइल काढून त्या जागी दुसरी ठेवली जात असेल तर फाइलवरचा पहारा जुन्या फाइलबरोबरच जातो.

---

खाडीपलीकडे

रात्री १०:२० ला डब्यावर डोळे लावून बसलो होतो. जे दिसलं ते जसंच्या तसं:

१०:२०:०१ फोल्डरात नवी फाइल तयार झाली. नाव: 'सेड' आणि पुढे सहा अगम्य अक्षरं.
१०:२०:०१ तिच्यात लिहिलं गेलं, बंद झाली.
१०:२०:०१ तिचं नाव बदलून माझ्या फाइलचं नाव झालं.

इनोड वेगळा. शा२५६सम तोच.

सेड!! कोणी विचारायची गरजच नव्हती, नावातच लिहिलेलं होतं. रूटचा क्रॉनटॅब उघडला. दर दहा मिनिटांनी सेड (मजकूर शोधून बदलणारी कमांड) त्याच फाइलवर, 'आंबा नोंदणी सुरू' जिथे दिसेल तिथे 'हंगाम संपला' कर. वर कॉमेंट, माझ्याच हातची: तात्पुरतं, गणपतीआधी काढणे.

मे अखेरीस युनिटमधून कोणीतरी जुनं पान परत परत चढवत होतं आणि लोक संपलेल्या आंब्याचे पैसे भरत होते. तेव्हा रात्री एक वाजता वैतागून हे टाकलं होतं. ते पान चढवणं जूनमध्येच थांबलं. सेड बिचारा अजून चालतोय.

---

तारकर्ली_टर्मिनल

मेल्या, तूच काय रे तो!

आणि हे नीट बघ. जागच्या जागी बदल करायला सांगितलं की सेड बदलायला काही सापडो न सापडो, दर वेळी नवी फाइल बनवून जुनीच्या जागी ठेवतो. बदलायला काही नव्हतं म्हणून मजकूर तोच राहिला. पुढच्या फेब्रुवारीत तू त्या पानावर 'आंबा नोंदणी सुरू' लिहिलं असतंस, तर दहा मिनिटांच्या आत 'हंगाम संपला' झालं असतं. तेव्हाही व्हिमने हाच इशारा दिला असता आणि तू उद्गारचिन्ह लावून पुढे गेला असतास.

---

लाकडी_खेळणी

मग आपण दोघं 'मी काही केलं नाही' म्हणत एकत्र बसलो असतो.

एक भर घालते, दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल. हे जागा बदलून फाइल ठेवणं डॉकरमध्येही (प्रोग्राम कंटेनर नावाच्या बंदिस्त जागेत चालवतात ते) चावतं. एकटी फाइल कंटेनरमध्ये माउंट केली असेल आणि बाहेर एडिटरने नवी फाइल बनवून तिचं नाव बदललं, तर कंटेनरला जुना इनोडच दिसत राहतो. बाहेर बदल झालेला, आत नाही. व्हिममध्ये बॅकअपकॉपी 'हो' केली की तो त्याच फाइलवर लिहितो, किंवा फाइलऐवजी फोल्डर माउंट करायचं. माझा अख्खा शनिवार गेला होता यात.

---

निवृत्त_दर्यावर्दी

मी सगळं वाचलं. बटण बॅटरी कुठे मिळते? माझं पण घड्याळ मागे जातं, पण ते भिंतीवरचं आहे.

---

खाडीपलीकडे

काका, जामसंड्यात घड्याळवाल्याकडे मिळाली. भिंतीवरच्याला पेन्सिल सेल लागतो.

क्रॉनची ओळ काढली. कॉमेंटसुद्धा काढली, लाज वाटत होती. डबा उघडून बॅटरी बदलली. जुनी बाहेर काढली तर तिच्यावर हिरवट बुरशी, खारी हवा. एकट्या तिलाच नाही, रॅमच्या पट्टीलाही खोडरबर मारावा लागला.

दोन दिवस झाले. सेव्ह मोजले नाहीत, शंभर तरी असतील. इशारा एकदाही नाही. क्लोजटाइमओ आणि अ‍ॅक्टाइमओ दोन्ही शून्यच ठेवलेत.

---

वाशिष्ठी

बॅटरीची परीक्षा राहिली. लाइट जाऊ द्या.

---

खाडीपलीकडे

काल दुपारी गेली. दोन तास चाळीस मिनिटं. संध्याकाळी आली, डबा उठला, नेट यायच्या आधी युनिटमधल्या मुलाला फोन करून स्क्रीनवर डेट कमांड मारायला लावली. मोबाइलच्या आणि डब्याच्या घड्याळात चार सेकंदांचा फरक. पाच मिनिटांनी नेट आल्यावर तेही गेले.

मुलगा विचारत होता, दादा हे वाचून दाखवायला मला पावसात का बोलावलंत.